रेघूनानांचं नमुन्याचं कार्ड

...तर दार उघडलं, आणि दारातला माणूस म्हणाला, "मी तुमचा मंगळवार."

रेघूनानांनी मागं वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवारच होता, त्याबद्दल वाद नव्हता. पण एखादा वार असा तीन जिने चढून, धापा टाकत, दार वाजवून कुणाच्या घरी आल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"तुम्हीच. सहा ते सात. संस्थेनं पाठवलंय. आत येऊ, की जिन्यातच सोबत करू?"

आता या गृहस्थाला घडीभर तिथंच उभं राहू दे. जन्मभर चालत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलेला कंडक्टर आहे तो, त्याचे पाय दुखायचे नाहीत. काल रेघूनानांचं सांगता सांगता गाडी भलत्याच फाट्याला लागली आणि मूळ गोष्ट राहूनच गेली. ती सांगितल्याशिवाय या मंगळवाराचा उलगडा व्हायचा नाही.

रेघूनाना छापखान्यात रेघा मारत. एवढंच सांगितलं तर ऐकणारा म्हणतो, त्यात काय मोठं, शाळेत आम्हीही मारायचो आणि वर मारही खायचो. पण या रेघा निराळ्या. आपल्या हातात एखादं पत्रक येतं, त्याची घडी जिथं पडायला हवी तिथंच पडते, शेवटचा तुकडा ओढला की अलगद सुटून हातात येतो, मजकूर मध्येच चिरत नाही. हे काही देवाच्या कृपेनं होत नाही. छापायच्या आधी कुणीतरी संगणकावर त्या पानाला बजावून ठेवलेलं असतं की बाबा रे, इथं तुला कापणार, इथं मुडपणार आणि इथं टोचणार. ते बजावणारा माणूस म्हणजे रेघूनाना. कापायच्या खुणा काळ्या. घडीच्या हिरव्या, तुटक, आणि पानाच्या कडेबाहेर. टोचायची, म्हणजे बारीक छिद्रांची रेघ गुलाबी ठिपक्यांची. या रंगीत रेघांचा सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळा थर असतो. तो बाइंडिंगवाल्यांनी वाचायचा, छापायचा मात्र नाही. पलीकडच्या एका छापखान्यात कुणी तो थर बंद करायला विसरलं, तर दहा हजार आमंत्रणांच्या बरोबर मधोमध गुलाबी ठिपके उमटले. गिऱ्हाईक आलं, त्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणालं, नक्षी छान टाकलीत हो, अजून दोन हजार द्या. नक्षीसकट!

नानांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच ते सुखानं राहत होतं. नोकरीला लागले त्याच आठवड्यात कुणीतरी "रेघूनाना" म्हणालं, आणि तेव्हा तिशीही न गाठलेला हा माणूस एका दुपारीत सगळ्यांचा नाना होऊन बसला. त्याला आता चौतीस वर्षं झाली. कागदाच्या गोदामाला लागून, दोन खांबांच्या मधल्या बेचक्यात त्यांचं टेबल. पाठीशी भिंत, समोर पडदा, उजव्या हाताला एक खोल खण. त्या खणाकडे आपल्याला अजून जायचंय.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय घेतली. पानाची रुंदी सांगा, घड्या किती ते सांगा, की सगळ्या खुणा पटापट आपल्या आपण पडतात. मालक म्हणाले, "नाना, आता तुम्हाला आराम." नानांनी पहिलंच काम घातलं. दोनशे सत्त्याण्णव मिलिमीटरचं पान, दोन घड्या, तीन भाग. सॉफ्टवेअरनं डोळ्याचं पातं लवायच्या आत वाटणी करून टाकली, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव.

"गणित चोख आहे," नाना म्हणाले. "पण घडी काही कधी घातलेली दिसत नाही यानं."

कारण असं, की जो भाग घडीत आत जातो तो बाहेरच्या दोघांएवढाच रुंद ठेवला तर आत बसत नाही. कडेला अडतो, मधे फुगतो, आणि सगळं पत्रक सुजल्यासारखं दिसतं. म्हणून नानांची वाटणी शंभर, शंभर, सत्त्याण्णव. आत जाणाऱ्यानं तीन मिलिमीटर कमी व्हायचं. हे त्यांनी सॉफ्टवेअरला शिकवलं, आणि ते शिकलंही निमूटपणे. माणसांपेक्षा बरं म्हणायचं.

तसं त्यांनी हे एकदा स्वतःवरही करून पाहिलं होतं. लग्न केलं नव्हतं. आई आणि ते, दोघंच त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ येऊन म्हणाला, "दादा, एकटा राहू नकोस, आमच्याकडे चल." गेले. भाऊ चांगला, भावजय त्याहून चांगली, पुतण्यानं आपल्या खोलीत घडीची खाट मांडून दिली. कुणी वाकडा शब्द काढला नाही. नाना सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर आंघोळीला जात, रेडिओ कानाला चिकटवून ऐकत, हसू आलं तर तोंडावर हात धरून हसत. दात घासायचा ब्रश कुठं ठेवायचा हे काही केल्या ठरेना, तेव्हा तीन आठवडे तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, पेनाशेजारी. भावजय रोज म्हणायची, "दादा, तुम्ही अगदी घरातलेच हो." बाविसाव्या दिवशी नानांनी पिशवी भरली.

भाऊ कळवळून म्हणाला, "दादा, काही कमी पडलं का रे?"

"नाही रे बाबा," नाना म्हणाले, "मीच जास्त पडलो."

आणि ते आपल्या खोलीत परत आले. एक खिडकी, एक खाट, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर नाना बसत आणि दुसरीवर धुतलेले सदरे. कामावरून सहाच्या सुमाराला आले की कुलूप उघडायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यातल्या पैलवानानं "काय नाना!" म्हणेपर्यंत मधल्या वेळात जीभ टाळ्याला लागायचं काही कारण नसे. सुट्टी जोडून आली की सुट्टीनंतरचा पहिला शब्द घोगरा निघायचा. पैलवान म्हणायचा, "नाना, सर्दी?" नाना मान हलवायचे. सर्दी म्हटलेलं सोपं.

आता खणाकडे येऊ. सॉफ्टवेअर खुणा करतं, पण फाडून बघत नाही, असं नानांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक कामाचा नमुना ते स्वतः हातानं करत. छपाईला जो कागद लागणार तोच घ्यायचा, दातेरी चाक फिरवून छिद्रं पाडायची, पट्टीनं दाबून घडी घालायची, आणि मग (इथं बाकीचे हसत) तो फॉर्म खरोखर भरायचा. खरं नाव, खरा पत्ता, खऱ्या पेनानं. खोटं नाव नेहमी ओळीत मावतं, खरं मावत नाही, हा त्यांचा अनुभव. भरून झालं की फाडायचं, आणि फाडलेल्या तुकड्याबरोबर मागच्या बाजूचं काही कामाचं जात तर नाही ना, ते पाहायचं. एकदा एका बागेच्या पत्रकात "हा भाग तोडून पाठवा" असं होतं आणि पाठवायचा पत्ता न तोडायच्या भागाच्या मागे. नानांनी पकडलं. एरवी पाच हजार माणसं कार्ड हातात धरून विचार करत बसली असती की आता हे पाठवू कुणाला!

तर भरलेले नमुने सगळे त्या खणात. चौतीस वर्षांचे. कागदोपत्री पाहिलं तर नानांइतकं भरगच्च आयुष्य जगलेला माणूस सापडायचा नाही. त्यांनी बालवाडीत नाव घातलं होतं. पोहायच्या तलावाचं सभासदत्व घेतलं होतं, मासे धरणाऱ्यांच्या मंडळात गेले होते, रक्तदान, नेत्रदान सगळं झालं होतं. एका घोड्याचा विमा काढला होता. घोड्याच्या नावाच्या जागी मात्र अडले आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "घोडा नाही." जिथं खरं लिहिता येईल तिथं ते खरंच लिहीत. घरातील माणसं : एक. अडचणीच्या वेळी कुणाला कळवावे, या ओळीवर पहिली काही वर्षं आईचं नाव. नंतर छापखान्याचा फोन नंबर.

मागच्या वर्षाअखेरीला एका संस्थेचं काम आलं. कामाचं नाव "एक तास सोबत". एकटी पडलेली माणसं असतात, त्यांच्याकडे आठवड्यातून एक तास कुणी जाऊन बसायचं. तीन भागांचं पत्रक, शेवटचा भाग म्हणजे तोडून टपालात टाकायचं कार्ड. कार्डाच्या डाव्या कडेला दोन चौकटी, एकाखाली एक. वरची, "मी एक तास देऊ शकतो." खालची, "मला एक तास सोबत हवी." गुलाबी रेघ चौकटींपासून जेमतेम तीन मिलिमीटरवर. नानांनी ती घडीवर न घेता दोन मिलिमीटर बाजूला घेतली, म्हणजे टपालात आपटून पत्रक घडीवरच फाटायला नको. नमुना केला. दातेरी चाक खाली येता येता केसभर आत सरकतं, ही त्याची जुनी खोड. तेव्हा धोका खालच्या चौकटीला. वरची सुखरूप आहे हे दिसतच होतं, तिच्यात खूण करून काय सिद्ध होणार? म्हणून नानांनी खालच्या चौकटीत बरोबरची खूण केली, चांगली लांब शेपटीची. नाव, पत्ता, तिसरा मजला. वार आणि वेळ विचारली होती, तिथं मंगळवार, सहा ते सात. बुधवार लिहिला असता तरी चाललं असतं. फाडलं. खूण चौकटीत, चौकट कार्डावर, कड सरळ. काम फत्ते.

एवढ्यात मालक ओरडले, "पैलवान, संस्थेची बाई थांबलीय, नमुना द्या पटकन!" पैलवान म्हणजे बाइंडिंगचा मुख्य. कागदाची रिमं पोरासारखी कडेवर घेऊन हिंडायचा. त्यानं टेबलावरचं जे काही होतं ते एका हातानं गोळा केलं आणि पाकिटात घातलं. कोऱ्या नमुन्याबरोबर भरलेलं कार्डही गेलं. संध्याकाळी नानांनी खण उघडून पाहिलं, कार्ड नाही. केरात गेलं असेल, म्हणून सोडून दिलं.

केरात कसलं जातंय! ते संस्थेच्या टेबलावर राहिलं, आणि छापलेली कार्डं टपालानं भरून यायला लागली तेव्हा सगळ्यांच्या तळाशी हेच. कागद तोच, छिद्रं तशीच, फाडलेली कड तर मशीनपेक्षा सरळ. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर नमुना म्हणून ओळखू आला असता. नानांच्या कसबानं नानांना गोत्यात आणलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! कार्डावर लाल शाईनं आकडा पडला, एक.

आता कंडक्टरला आत घेऊ. पुरे झालं उभं राहणं.

नानांच्या क्षणात सगळं ध्यानात आलं. चूक झाली, ते कार्ड नमुन्याचं होतं, माफ करा. एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण तीन जिने चढून आलेल्या, गळ्याभोवतीचा घाम पुसणाऱ्या माणसाला आल्या पावली परत कसं पाठवायचं? निदान पाणी तरी. म्हणून "या" म्हणाले. मग दुसऱ्या खुर्चीवरचे सदरे उचलले आणि कुठं ठेवावेत हे न सुचून, ते मांडीवर घेऊन खाटेवर बसले. चहापुरते उठले तेवढंच, एरवी तासभर तसेच.

कंडक्टरनं खोली पाहिली, नानांना पाहिलं.

"पडता-बिडता का?"

"नाही."

"दिसतं?"

"दिसतं."

"ऐकायला?"

"येतं की."

"मग?"

नाना म्हणाले, "चहा घेता?"

घरात कप एक. पाहुण्याला कपात दिला आणि स्वतः तांदूळ मोजायच्या मापात घेतला. कंडक्टरनं ते पाहिलं, पण चालत्या गाडीत नको ते पाहायचं नाही ही त्याची चाळीस वर्षांची सवय. तो आपला बोलत सुटला. कुठल्या रस्त्याला कुठलं वळण, कुठली म्हातारी रोज सुट्टे पैसे नसल्याचं सांगायची, कुणी बसमध्ये कोंबडी विसरलं आणि डेपोत तिनं अंडं दिलं. बरोबर सातला उठला. "येतो. पुढच्या मंगळवारी." खाली जाईपर्यंत त्याच्या पावलांचा आवाज नानांनी जिन्याच्या कठड्याशी उभं राहून ऐकला. मग आत आले आणि सदरे परत खुर्चीवर ठेवले. थोड्या वेळानं पुन्हा उचलले आणि दोरीवर टाकले.

सांगायचंच आहे, पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणून त्यांनी मधल्या शनिवारी एक कप आणायचं ठरवलं. दुकानदार म्हणे, "सहाचाच संच आहे, आजोबा, सुटा देत नाही." नाना सहा घेऊन आले. दोन बाहेर काढले, चार तसेच कागदात.

दुसऱ्या मंगळवारी सांगायचं राहिलं. तिसऱ्या मंगळवारी कंडक्टरनं विचारलं, "तुम्ही काय करता हो?" आणि नाना बोलायला लागले. हिरवी रेघ, गुलाबी रेघ, शंभर शंभर सत्त्याण्णव. चौतीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. छापखान्यातल्यांना ठाऊक होतं आणि बाहेरच्यांना गरज नव्हती. कंडक्टर ऐकत होता, आणि मधेच म्हणाला, "म्हणजे आमची ती अर्धवट फाटणारी तिकिटं! दाते विरळ होते तर! आणि आम्ही इतकी वर्षं प्रवाशांना शिव्या घातल्या."

"तुम्ही ओढायचात कसं?"

"असं. अंगठ्यानं."

"घडी पाडल्याशिवाय? मग फाटेल नाही तर काय!"

"ऐका! चाळीस वर्षं तिकीट फाडलेल्याला हा माणूस तिकीट फाडायला शिकवतोय!"

दोघंही हसले. नानांचा हात सवयीनं तोंडावर गेला आणि मग खाली आला. हे घर आपलंच आहे, हे त्या हाताला जरा उशिरा कळलं.

"तुम्ही का येता हो हे असं?" नानांनी एकदा विचारलं.

"घरी मी बोलायला लागलो की सगळ्यांना कामं आठवतात," कंडक्टर म्हणाला. "इथं तुम्हाला बसावंच लागतं. कार्ड भरलंय तुम्ही."

या शब्दावर नाना कप विसळायला उठले, चहा अर्धा राहिला होता तरी.

पाचव्या मंगळवारी कंडक्टर जरा उशिरा आला. बसल्या बसल्या म्हणाला, "आज संस्थेत गेलो होतो. वैताग आहे. सोबत द्यायला माणसं चार, आणि मागणारी यादी अकराची. दवाखान्यामागच्या गल्लीत एक बाई आहेत, दोन वर्षं अंथरुणावर. त्यांनाही संध्याकाळच हवी. कुठून आणायची? तुमचं बरं, तुमचा नंबर पहिला लागला. एवढी धडधाकट सवारी मी दुसरी पाहिली नाही, पण नंबर म्हणजे नंबर. पुढं चढला तो बसला."

त्याच्या मनात काही नव्हतं, थट्टाच होती. पण नानांच्या अंगावर पाल पडावी तसं झालं. आपण बसलोय ती जागा त्या बाईंची आहे. आता तरी बोल, त्यांनी स्वतःला म्हटलं. आत्ता. या क्षणी.

"बिस्किट घ्या," ते म्हणाले.

त्या आठवड्यात नानांचं कामात लक्ष लागेना. खुणा सॉफ्टवेअरच करत होतं, पण तपासायला डोळा नानांचा, आणि डोळा भलतीकडे. एका औषधाच्या पत्रकात घडीची हिरवी खूण कडेबाहेर असायची ती सरकून पानाच्या आत आली, मजकुरावर. पैलवान छापून आलेलं पान नाचवत आला. "नाना, हे काय? तुमच्या हातून? उद्या सूर्य गोदामातून उगवेल!" नानांनी पान घेतलं आणि दुरुस्त केलं. त्यांचं आपलं एकच चाललं होतं. सांगावं तर मंगळवार जातो. न सांगावं तर चोरी होते. आणि सांगायचं म्हणजे तरी काय? चूक होती, मला काही नको, मी मजेत आहे, असं? पहिलं खरं होतं. बाकीची दोन वाक्यं त्यांना जुळवता येईनात.

सहावा मंगळवार यायच्या आधी, शुक्रवारी दुपारी, संस्थेच्या चिटणीस बाई छापखान्यात हजर. कार्डं संपली होती, आणखी छापायची होती. आणि एक दुरुस्ती होती. मालकांनी त्यांना थेट नानांच्या टेबलापाशी आणून स्टुलावर बसवलं.

बाई म्हणाल्या, "चौकटी मोठ्या करा हो जरा. म्हाताऱ्यांचे हात कापतात. खूण दोन्ही चौकटींच्या मधेच पडते, मग आम्हाला कळत नाही, यांना सोबत हवीय की द्यायचीय."

नानांनी चौकटी मोठ्या केल्या आणि गुलाबी रेघेपासून आणखी पाच मिलिमीटर आत घेतल्या. बाई पडद्याकडे कौतुकानं पाहत होत्या. काम झालं तसं त्यांनी पिशवीतून वही काढली. "पुढं काही लागलं तर कुणाशी बोलू? नाव सांगून ठेवा तुमचं."

नानांच्या आधी मालकांनीच सांगितलं, पगारपत्रकावरचं, पूर्ण, आडनावासकट.

बाईंचं पेन थांबलं. "अगं बाई! तिसरा मजला? मंगळवार, सहा ते सात? अहो, तुमचं तर आमच्याकडे पहिलं कार्ड!"

पैलवान तिथंच रिम घेऊन उभा होता. त्यानं रिम खाली ठेवली आणि पोट धरून हसायला लागला. "बाई, ते कार्ड नमुन्याचं हो! आमचे नाना दिसेल तो फॉर्म भरतात! घोड्याचा विमा काढलाय त्यांनी, विचारा हवं तर! माझ्याच हातून गेलं असणार ते पाकिटात. म्हणजे तुम्ही काय, यांच्याकडे माणूस पाठवता की काय? सोबतीला? नानांना?"

मालक हसले. कापायच्या मशीनवरचे दोघं मान वर करून हसले. नानांना कुणाची गरज लागते ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटली, आणि त्यांचं तरी काय चुकलं? चौतीस वर्षांत नानांनी कुणाकडे कधी काडीही मागितली नव्हती.

बाई मात्र ओशाळल्या. "अरे देवा! आणि आम्ही पाच आठवडे त्यांना तीन जिने चढायला लावतोय. तुम्ही तरी सांगायचंत हो पहिल्याच दिवशी! भिडेपोटी गप्प बसलात ना? असतात माणसं अशी. बरं झालं कळलं. माझ्याकडे अकरा जण थांबलेत." त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. पहिल्याच ओळीवर नाव होतं. "खोडून टाकते मी हे, चालेल ना?"

घडीच्या मशीनमधला कागद नेमका तेव्हाच संपला आणि मशीन थांबलं. छापखान्यात एवढी शांतता दुपारच्या वेळी कधी नसते. पेनाचं टोक ओळीच्या डाव्या कडेला टेकलं होतं. "खोडा की," एवढं म्हणायचं होतं. हसत हसत म्हणायचं होतं, म्हणजे सगळे पुन्हा हसले असते, पैलवानानं पाठीवर थाप मारली असती, आणि बाकी सगळं आहे तसं राहिलं असतं. पैलवान वाटच पाहत होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, मग वहीकडे. सुट्टीनंतरच्या पहिल्या शब्दासारखा त्यांचा आवाज घोगरा निघाला.

"कार्ड नमुन्याचं होतं हे खरं आहे, बाई, आणि मी सांगितलं नाही ही माझी चूक. मंगळवार त्या दवाखान्यामागच्या बाईंना देऊन टाका. पण माझं नाव खोडू नका. यादीत अगदी खाली घाला, बाराव्या नंबरावर घाला, माझी पाळी येईपर्यंत मी थांबतो."